केळापूरचे पशुधन : गुंतवणूक आधी कुठे, निर्यात नंतर कशाची

विदर्भातल्या पशुधनाचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला आधुनिक कत्तलखाना, शीतगृह आणि नागपूरहून आखाताकडे निघालेले मालवाहू विमान असते, तर दुसऱ्या टोकाला अनुदानावर वाटलेली दुभती गाय. पहिल्या चित्रात गुंतवणूकदार ठळक असतो, पण जनावर कुठून येणार याचा पत्ता नसतो. दुसऱ्यात जनावर असते, पण त्याचा चारा, त्याचा डॉक्टर आणि त्याचा बाजार हरवलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्याला ही दोन्ही चित्रे लावून पाहिली की दोन्ही कुठे अडतात ते कळते. केळापुरात निर्यातीच्या अंगाने पाहण्याजोगे जनावर शेळी आहे, आणि तिच्यातला पहिला पैसा आरोग्य, ओळख आणि वजन या तीन गोष्टींत घालायला हवा, असे या लेखाचे म्हणणे आहे. ही गुंतवणूक दिसायला लहान आहे. पण उद्या एकही बोकड परदेशी गेला नाही तरी ती बुडत नाही, आणि ज्या तालुक्याने बुडालेल्या योजना पुरेशा पाहिल्या आहेत तिथे कोणत्याही प्रस्तावाची हीच पहिली परीक्षा असली पाहिजे.

तालुक्याचे नाव केळापूर असले तरी त्याचे ठाणे पांढरकवडा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 या गावावरून जातो; नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, आणि पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. शेती कापसाची, सोबत सोयाबीन आणि तूर, आणि तीही बहुतेक पावसाच्या भरवशावर. तालुक्याचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. गोंड, परधान आणि कोलाम समाजाची वस्ती मोठी आहे. बाजूला टिपेश्वरचे अभयारण्य आणि त्यातले वाघ. या मुलखात जनावराचे स्थान पेरणी-डवरणीच्या गरजेने ठरले: बैलजोडी हे शेतकऱ्याचे पहिले भांडवल, गाय ही बैल देणारी, आणि शेळी ही भूमिहीनाची, विधवेची, शेतमजूर बाईची अडीअडचणीला मोडता येणारी पुंजी. पशुसंवर्धनाच्या योजनांनी आजवर पहिल्या दोघींकडे लक्ष दिले. तिसरी मात्र तिच्या नशिबावर आणि बांधावरच्या झाडोऱ्यावर वाढत राहिली.

चाऱ्याचा हिशेब मांडल्याशिवाय पशुधनाचे कोणतेही गणित सुटत नाही, आणि केळापूरच्या चाऱ्यात एक मोठी विसंगती आहे. ज्वारीचा पेरा घटत गेला तसा कडबाही गेला. त्याच्या जागी आलेला कापूस जनावराला थेट फार काही देत नाही, आणि सोयाबीन-तुरीचे कुटार मळणीनंतर थोडे दिवस पुरते. उलट याच कापसाच्या सरकीचे तेल काढून उरणारी ढेप आणि सोयाबीनची पेंड हा साऱ्या देशाच्या पशुखाद्याचा कणा आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या दूधपट्ट्यातले गोठे सरकी ढेपेचे मोठे गिऱ्हाईक, आणि सोयाबीन पेंड तर परदेशीही जाते. म्हणजे हा प्रदेश पशुखाद्याचा कच्चा माल बाहेर पाठवतो आणि त्यापासून तयार होणारे दूध-मांस आपल्या गोठ्यात फारसे पिकवत नाही. प्रथिने स्वस्तात जातात आणि त्यांच्यावर चढणारे मोल दुसरीकडे चढते. गुंतवणुकीची संधी म्हणून काही शोधायचेच असेल, तर ती या गळतीत आहे: तालुक्यात निघणाऱ्या ढेपेचा, चुरीचा, कुटाराचा थोडा तरी वाटा तालुक्यातच जनावराच्या अंगावर चढला पाहिजे.

मग दूधच का नको, हा पहिला आणि रास्त प्रश्न. दूध रोजचा पैसा देते, कापूस वर्षातून एकदा. याच विचाराने 2006 साली, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर केलेल्या 3,750 कोटींच्या मदतीत दुभत्या जनावरांचे वाटप होते. यवतमाळ त्या सहांत होते. त्या वाटपाचा अनुभव कडू ठरला, आणि त्याचे कारण गायीत नव्हते. संकरित गायीला हिरवा चारा, भरपूर पाणी, सावली आणि वेळेवर डॉक्टर लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याकडे यातले काहीच हुकमी नव्हते, आणि दूध घ्यायला येणारी गाडीही गावात येत नव्हती. गायीला खाऊ घालण्याचा खर्च दुधाच्या पैशापेक्षा वर गेला, आणि अनेकांनी ती विकून टाकली. नंतर, 2016 पासून, राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरीच्या साहाय्याने सुरू झालेल्या विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाने क्रम सुधारला: आधी संकलन, मग जनावर. जिथे विहिरीला बारमाही पाणी आहे आणि संकलनाची गाडी रोज येते, त्या गावांत दूध चालेल, चालले पाहिजे. पण ती गावे सगळी नव्हेत, आणि दूध नासणारा माल असल्याने ते दूरच्या बाजारात नेण्याची झेप केळापूरच्या आवाक्यातली नाही.

बाकीचे पर्याय थोडक्यात तपासून बाजूला ठेवता येतात. गाय-बैलांबाबत प्रश्न कायद्यानेच मिटवला आहे. महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्याने होतीच. मार्च 2015 पासून तीत बैल आणि वळूही आले, आणि देशातून गोवंशाच्या मांसाची निर्यात आधीपासूनच बंद आहे. त्याचा एक आर्थिक परिणाम शेतकऱ्याने निमूट सोसला: म्हाताऱ्या बैलाची मोड संपली, आणि नव्या जोडीचा सगळा भार रोख पैशावर आला. म्हशीच्या मांसाची निर्यात प्रचंड आहे, पण ती म्हशींच्या दाट वस्तीच्या प्रदेशांवर उभी आहे. केळापूर तसा नाही. कोंबडीपालनात गुंतवणूक वेगाने फिरते खरी, पण पिल्लू, खाद्य आणि भाव हे तिन्ही करार करणाऱ्या कंपनीच्या हातात असतात. गावाच्या वाट्याला शेड, वीजबिल आणि मजुरी येते. राहिली शेळी. अमरावती, अकोला, वर्धा, यवतमाळ या भागातली बेरारी शेळी ही राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झालेली स्वतंत्र जात आहे. ती या उन्हाला, या काटेरी झाडोऱ्याला आणि या माणसांच्या गरिबीला सरावलेली आहे. पाच महिन्यांत विते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत देते, आणि तिला सात-बारा लागत नाही.

आता निर्यातीकडे पाहू, आणि आकड्यांना बोलू देऊ. कृषी निर्यातीची केंद्रीय संस्था अपेडाच्या नोंदींनुसार 2022-23 मध्ये भारतातून सुमारे 9,600 टन शेळी-मेंढीचे मांस परदेशी गेले आणि त्याचे सुमारे 537 कोटी रुपये आले. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, मालदीव हे नेहमीचे खरेदीदार. या दोन आकड्यांतून दोन धडे निघतात, आणि पहिला धडा उत्साहावर पाणी ओतणारा आहे. देशात शेळ्याच सुमारे 15 कोटी आहेत, त्यांतल्या एक कोटीहून अधिक महाराष्ट्रात. देशाच्या एकूण शेळी-मेंढी मांसाच्या उत्पादनातला निर्यातीचा वाटा एक टक्काही भरत नाही. दुसरा धडा त्याहून महत्त्वाचा. 537 कोटींना 9,600 टनांनी भागले की किलोला साडेपाचशे रुपयांच्या आसपास भाव येतो. महाराष्ट्रातल्या शहरांत मटणाचा किरकोळ दर त्या काळात याहून कमी नव्हता. कोल्हापुरात तर 2019 सालीच मटणाचा दर पाचशेच्या पुढे गेला म्हणून लोकांनी आंदोलन केले होते. तेव्हा परदेशी पाठवले की सोने होईल, ही समजूत आकड्यांसमोर टिकत नाही. आपल्याच शहरांची भूक एवढी मोठी आहे की निर्यात हे त्या भुकेवरचे एक जास्तीचे गिऱ्हाईक आहे, तिची जागा घेणारे नव्हे.

या वास्तवाकडे निराशेने पाहायचे कारण नाही. त्याने दिशा नीट कळते. केळापूरचा सगळ्यात जवळचा परका बाजार पैनगंगेपलीकडे आहे. तेलंगण हे देशातल्या सर्वाधिक मांस खाणाऱ्या राज्यांपैकी एक. विसाव्या पशुगणनेत, म्हणजे 2019 मध्ये, मेंढ्यांच्या संख्येत ते देशात पहिले होते, तरीही तिथल्या सरकारला 2017 पासून राबवलेल्या मेंढी-वाटप योजनेसाठी शेजारच्या राज्यांतून, महाराष्ट्रातूनही, जनावरे विकत घ्यावी लागली. हैदराबादच्या रमजानच्या हलीमला 2010 पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या एका महिन्यात मटणाची मागणी उसळते. केळापूर या बाजाराला जोडणाऱ्या महामार्गावर बसले आहे. सणांच्या पंचांगातही एक बदल येतो आहे. बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. 2025 मध्ये ती जूनच्या पहिल्या आठवड्यात होती, म्हणजे विदर्भात चारा संपलेला आणि ऊन टिपेला पोहोचलेले असताना. पुढच्या दहा वर्षांत ती फेब्रुवारीपर्यंत येईल. सोयाबीन-तुरीचे कुटार आणि वेचणी संपलेल्या कापसाची पऱ्हाटी हाताशी असतानाच बोकड तयार करून विकता येण्याचा काळ जवळ येतो आहे. त्याची तयारी आजच्या पाटींच्या (मादी करडांच्या) निवडीपासून आणि चांगल्या बोकडाच्या पैदाशीपासून सुरू होते.

निर्यातीच्या बाजारात मांसाइतकाच पुरावा विकला जातो, हे एकदा मान्य केले की गुंतवणुकीचा क्रम आपोआप बदलतो. घेणाऱ्या देशाला जनावर कुठे जन्मले, कोणती लस टोचली, त्याच्या भागात लाळ्या-खुरकत किंवा शेळ्या-मेंढ्यांना होणारा पीपीआर हा रोग आहे का, हे कागदावर हवे असते. आफ्रिकेच्या शिंगावरचा सोमाली प्रदेश हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. बर्बेरा बंदरातून सौदी अरेबियाला लाखो शेळ्या-मेंढ्या जात. 1998 मध्ये आणि पुन्हा 2000 मध्ये रिफ्ट व्हॅली तापाच्या भीतीने सौदीने दार बंद केले, आणि ते 2009 पर्यंत उघडले नाही. एका गिऱ्हाइकावर आणि विनापुराव्याच्या मालावर उभी असलेली अर्थव्यवस्था नऊ वर्षे गुदमरली. व्यापार परत सुरू झाला तो विलगीकरण आणि तपासणीच्या व्यवस्थेच्या जोरावर. महाराष्ट्राला हा धडा द्राक्षांनी घरातच शिकवला आहे. 2003 मध्ये कीडनाशकांच्या अंशांमुळे युरोपात अडचण आली, त्यातून अपेडाची ग्रेपनेट ही बागेपासून खोक्यापर्यंतची नोंदव्यवस्था उभी राहिली. 2010 मध्ये पुन्हा एकदा अंश सापडून फटका बसला, तेव्हाही उत्तर नोंदी आणि तपासण्या कडक करण्यातच मिळाले. नाशिक-सांगलीचा शेतकरी आज परदेशात विकतो तो त्याच्या बागेच्या नोंदणी क्रमांकामुळेही.

शेळीसाठी असा पुरावा उभा करणे अशक्य आहे का? भारताने बुळकांडीसारखा रोग गावोगावच्या लसीकरणाने संपवला. देश 2006 मध्ये त्यापासून मुक्त ठरला आणि 2011 मध्ये जगच मुक्त झाले. पीपीआर हा त्याच कुळातला विषाणू. त्यावरची आपल्याच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने घडवलेली लस एका टोचणीत किमान तीन वर्षे टिकते, म्हणजे बहुतेक बोकडांचे सगळे आयुष्यच झाकून टाकते. लाळ्या-खुरकत आणि ब्रुसेलोसिस यांसाठी 2019 मध्ये 13,343 कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि लसीकरणासह लाळ्या-खुरकतमुक्त क्षेत्र घडवण्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही आहेत. पैनगंगेच्या दोन्ही काठांना एकाच वेळी लागू होणारी ही गोष्ट केळापूरसाठी विशेष मोलाची आहे. ओळखीसाठी बारा अंकी कानबिल्ला आहे, आणि महाराष्ट्रात जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री व वाहतूक करू नये असा आदेश आहे. अंडी-कोंबडीच्या क्षेत्रात तर 2023 मध्ये भारताने महाराष्ट्रासह चार राज्यांतली 26 बंदिस्त केंद्रे बर्ड फ्लूमुक्त म्हणून जाहीर केली आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेने ती घोषणा स्वीकारली. म्हणजे कायदा आहे, लस आहे, प्रमाणपत्राची वाटही आहे. उणीव आहे ती वेळेवर गावात पोहोचणाऱ्या माणसाची. म्हणून पहिली गुंतवणूक पशुसखींमध्ये व्हावी: गावातल्याच, प्रशिक्षण घेतलेल्या, जंतनाशक पाजणाऱ्या, लसीकरणाला जनावरे गोळा करणाऱ्या, नोंद ठेवणाऱ्या बायका. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या अशा बाईचा मेहनताना हा खर्च वाटतो, पण एका साथीत वाचलेल्या पिल्लांची किंमत त्याहून मोठी असते.

दुसरी गुंतवणूक काट्यात, म्हणजे वजनकाट्यात. शेळी आजही बहुतेक ठिकाणी नजरेने विकली जाते. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, पाठीवर हात फिरवतो, आकडा बोलतो. विकणारी बाई दवाखान्याच्या, शाळेच्या किंवा बियाण्याच्या निकडीत असते, म्हणून मान हलवते. समजा पंचवीस किलोचा बोकड बावीसचा धरला गेला आणि जिवंत वजनाचा भाव किलोला साडेतीनशे असेल, तर एका सौद्यात हजाराहून अधिक रुपये गेले. वर्षाला चार-पाच बोकड विकणाऱ्या घराला हे नुकसान एखाद्या रोगासारखेच आहे, फक्त ते कुणाच्या नोंदीत येत नाही. वजनावर विक्री सुरू झाली की आणखी एक फायदा होतो: चांगले खाद्य दिल्याचे फळ पैशात दिसते, आणि तेव्हाच शेळीपालक ढेपेवर खर्च करायला धजावतो. नजरेच्या सौद्यात खाद्याचा पैसा अंगावर चढतो, पण खिशात उतरत नाही. केळापूरच्या अनुसूचित गावांत यासाठी कायद्याचा आधारही आहे. 1996 च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांनी गावबाजाराच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. आठवडी बाजारात काटा लावणे आणि त्यावरच सौदा होईल असा ठराव करणे, एवढी साधी गोष्ट ग्रामसभा करू शकते.

तिसरी गुंतवणूक एकत्र येण्यात. 2021 पासूनच्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांच्या पैदास केंद्राला निम्मे, म्हणजे 50 लाखांपर्यंत अनुदान आहे. पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधीतून कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळते. आणि 2025 मध्ये राज्याने पशुसंवर्धनाला शेतीसमकक्ष दर्जा दिला, त्यात पाचशेपर्यंत शेळ्या-मेंढ्यांचे पालन येते. पैशाची दारे आहेत, पण ती पाचशे शेळ्यांच्या मालकाच्या उंचीला बसवलेली आहेत, पाच शेळ्यांच्या बाईच्या नव्हे. शिवाय आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला हस्तांतरित होण्यावर जमीन महसूल संहितेचे बंधन आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून बाहेरच्या गुंतवणूकदाराने इथे जमीन घेऊन मोठा कळप उभारण्याची कल्पना मुळातच गैरलागू आहे. त्याने पैसा घालायचा तो सेवांमध्ये: जातिवंत बेरारी बोकडांचे पैदास केंद्र, पऱ्हाटी-कुटार आणि ढेप मिसळून खाद्य बनवणारे छोटे युनिट, आणि पांढरकवड्याला महामार्गालगत तपासणी, विलगीकरण व वजनाची सोय असलेले संकलन केंद्र. कळप घराघरांत राहावा, त्याची विक्री बचत गटांच्या उत्पादक कंपनीकडे एकवटावी. सिन्नर भागात महिलांच्या मालकीची शेळी उत्पादक कंपनी उभी राहिली आहे, आणि यवतमाळात बचत गटांचे जाळे गेल्या दोन दशकांत बरेच विणले गेले आहे. नागपूरचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि अमरावतीजवळच्या पोहऱ्याचे शेळी-मेंढी महामंडळाचे क्षेत्र यांचे ज्ञान याच जाळ्यातून गावात उतरू शकते. निर्यातक्षम कत्तलखाना मात्र तालुक्यात बांधू नये. त्याला रोज लागणारी संख्या एक तालुका पुरवू शकत नाही. तो नागपूर किंवा हैदराबादच्या परिसरात, अनेक जिल्ह्यांच्या मालावर चालणाराच हवा.

आता आक्षेप. सर्वांत जुना आक्षेप जंगलाचा: शेळी रोपे कुरतडते, जंगल मोडते, आणि टिपेश्वरच्या कडेने चरायला जाणाऱ्याचा जीव धोक्यात घालते. 2018 च्या नोव्हेंबरात मारल्या गेलेल्या अवनी वाघिणीच्या प्रकरणात पांढरकवडा-राळेगावच्या गावांनी माणसे गमावली होती; तिथे हा आक्षेप पुस्तकी नाही. पण वाघाच्या तोंडाशी माणूस जातो तो चाऱ्याच्या शोधात. शेळ्यांची संख्या न वाढवता प्रत्येक शेळीचे उत्पन्न वाढवायचे, अर्धबंदिस्त पाळायचे, आणि सुबाभूळ, शेवरी, तुती बांधावर व ई-क्लास (सरकारी चराऊ) जमिनीवर लावून चारा गावाजवळ आणायचा, हा मार्ग जंगलावरचा ताण कमी करतो. मरतुक कमी झाली तर कमी शेळ्यांत तेवढेच उत्पन्न येते. आरोग्यावरचा खर्च जंगलाच्याही बाजूचा आहे. वनहक्क कायद्याने चराईचा सामुदायिक हक्क दिला आहे, त्यासोबत वनाचे जतन करण्याची जबाबदारीही दिली आहे. कोणता भाग कोणत्या महिन्यात बंद ठेवायचा हे ठरवणारी ग्रामसभा ही वनरक्षकाच्या काठीपेक्षा भरवशाची व्यवस्था आहे, अट एवढीच की तिला हक्क मिळालेले असले पाहिजेत.

दुसरा आक्षेप अहिंसेचा, आणि तो आदराने ऐकला पाहिजे. 2018 च्या जूनअखेर नागपूरहून शारजाला सुमारे दोन हजार जिवंत शेळ्या-मेंढ्या विमानाने पाठवण्याची तयारी झाली होती. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य विकास महात्मे यांनी धनगर समाजाच्या उत्पन्नाचा मार्ग म्हणून ती योजना पुढे नेली होती. जैन समाजाच्या विरोधानंतर ती थांबली. 2023 च्या जूनमध्ये पशुधन आयात-निर्यातीच्या विधेयकाचा मसुदाही विरोधामुळे केंद्राने मागे घेतला. या दोन्ही वेळी दोन बाजू एकमेकांशी बोलल्याच नाहीत: एकीला जनावराचे हाल दिसत होते, दुसरीला पाळणाऱ्याची उपासमार. जिवंत निर्यातीच्या बाबतीत विरोधकांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. उन्हाळ्यात कोंबून नेलेली जनावरे, लांबचा प्रवास आणि पलीकडे काय होते यावर शून्य नियंत्रण, हे पाहता केळापूरने जिवंत निर्यातीच्या मागे लागू नये. पण शेळीचे मांस खाणे कायदेशीर आहे, या राज्यात ते रोज खाल्ले जाते, आणि त्यासाठी आजही जनावरे दाटीवाटीने ट्रकमध्ये भरून नेली जातात. ज्याला जनावराच्या वेदनेची खरी काळजी आहे त्याने नोंद, तपासणी, कमी अंतराची वाहतूक आणि देखरेखीखालचा कत्तलखाना यांची मागणी करावी. पुराव्याच्या बाजारात निष्काळजीपणा महाग पडतो, आणि त्याचा फायदा मुक्या जनावरालाही होतो.

तिसरा आक्षेप कमी बोलला जातो, पण तो सर्वांत अवघड आहे. केळापूरची शेळी कापसाच्या शेतात चरते. सेंद्री बोंडअळीच्या बंदोबस्तासाठी तज्ज्ञच सांगतात की शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात, म्हणजे उरलेली किडकी बोंडे खाल्ली जातात. सल्ला चांगला आहे. शेळी आणि कापूस यांचा तो दुर्मीळ सहकार आहे. पण हाच जिल्हा 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने हादरला होता आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले होते. ज्या विषाने माणूस मरतो ते पानांवर असताना शेळीच्या पोटात काय जाते, हा प्रश्न कोणत्याही परदेशी प्रयोगशाळेच्या आधी आपणच विचारायला हवा. निर्यातीच्या अटी कीडनाशकांच्या अंशांची तपासणी मागतात. ती तपासणी गावच्या खाटकाकडे जाणाऱ्या मांसाचीही व्हावी, हा केळापूरच्या लोकांचा हक्क आहे. फवारणी आणि चराई यांत किती दिवसांचे अंतर ठेवायचे याचे गावपातळीवरचे नियम बनवणे हा म्हणूनच या योजनेचा गाभ्याचा भाग आहे. निर्यातीमुळे मटण महागेल आणि गरिबाच्या ताटातून जाईल, ही भीती वर दिलेल्या प्रमाणांपुढे फारशी उरत नाही. गरीब घराच्या पोषणाला खरा धोका आहे तो अर्ध्या किमतीत मोडलेल्या आणि साथीत मेलेल्या शेळीचा.

तेव्हा क्रम स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक शेळीला बिल्ला, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, आणि गावागावात पशुसखी. त्याच वर्षी बाजारात काटा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात बेरारी बोकडांचे केंद्र, खाद्याचे युनिट, चराईचे आणि फवारणीचे नियम, उत्पादक कंपनी. त्यानंतर पांढरकवड्याचे संकलन केंद्र, आणि त्यातून हैदराबाद व नागपूरला वजनावर, प्रमाणपत्रासह पुरवठा. परदेश हा या साखळीचा शेवटचा दुवा, आणि तो जोडायचा की नाही हे त्या वेळचा भाव ठरवेल. या क्रमाचे बळ असे की प्रत्येक पायरी स्वतःच्या पायावर उभी आहे: लस निर्यातीविना फळते, काटा कत्तलखान्याविना फळतो, कंपनी विमानाविना फळते. उलटा क्रम धरला तर प्रत्येक गोष्ट पुढच्या गोष्टीची वाट पाहत राहते, आणि वाट पाहण्याचे व्याज गरीब भरतो. सरकारने आणि गुंतवणूकदाराने केळापूरच्या प्रत्येक पशुधन प्रस्तावाला एकच प्रश्न विचारावा: पाच शेळ्यांच्या मालकिणीच्या हातात पहिल्या बारा महिन्यांत यातून जास्तीचे किती रुपये पडतात? ज्या प्रस्तावाला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्यावर जनतेचा पैसा लावू नये.